मुशीचं तेल लावलेली टेकडी

आमच्या घरात कुणी परकं माणूस हसून बोललं, की अब्बा आधी खिसा चाचपायचे आणि मग उत्तर द्यायचे. ते शारजाच्या बंदरात टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरलेल्या कंटेनरचं सील शाबूत आहे ना ते बघायचं आणि मगच माल पुढे सोडायचा, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतकी वर्षं केलं, की माणसांची तोंडंही ते त्याच नजरेनं बघायला लागले. शेजारच्या केरळी बाईंनी पायसमची वाटी पाठवली, तर अब्बांचा पहिला प्रश्न, "कशासाठी?" आज त्यांचा ओणम आहे असं अम्मीनं सांगितलं, की दुसरा प्रश्न तयार, "ते ठीक. पण आपल्यालाच का?" वाटी मात्र शेवटी तेच चाटूनपुसून संपवायचे.

शारजातल्याच रोल्ला भागात एका जुन्या इमारतीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. खाली कापडाची दुकानं, समोर बसेस, आणि संध्याकाळी एका मागोमाग एक सुरू होणाऱ्या अजाना. या सगळ्या आवाजांच्या वर आमच्या खिडकीतला एसी घरघरायचा. तो थांबला की आम्ही सगळे दचकून एकमेकांकडे बघायचो. बांगडे तळायला घेतले की अम्मी खिडक्या घट्ट लावायची, वास बाहेर जाऊन कुणी तक्रार करू नये म्हणून. त्यामुळे तो वास घरातच राहायचा, आणि माझ्या शाळेच्या युनिफॉर्ममध्येही. बाहेरच्या खोलीत गफूरमामू झोपायचा. तो अम्मीचा धाकटा भाऊ. रत्नागिरीजवळच्या आमच्या खाडीवर त्याच्या घराण्यात होड्या बांधायचं काम चालायचं, आणि इथंही तो शारजाच्या खोरवर, म्हणजे इथल्या खाडीवर, लाकडी गलबतांची डागडुजी करायचा. मामू घरात आला की डांबर, लाकूड आणि माशाच्या तेलाचा वास त्याच्या अर्धं पाऊल आधी आत यायचा. तो एकटाच आमच्यात भोळा होता, आणि म्हणूनच अब्बांना त्याची सगळ्यात जास्त काळजी वाटायची.

संशय रक्तातून येतो की ताटातून, ते मला माहीत नाही. पण मलाही तो भरपूर मिळाला होता. वर्गातल्या मुली सुट्टीनंतर मॉलमधल्या बर्फाच्या गोष्टी सांगायच्या. आत शून्याखाली थंडी, खरं बर्फ, पायांत स्की बांधून उतारावरून घसरायचं. मला वाटायचं, या थापा मारतायत. बाहेर माणूस शिजतोय आणि आत बर्फ? मग एकदा आम्ही सगळे जाऊन काचेतून बघून आलो. काचेच्या अलीकडे उभं राहून बघायला तिकीट नव्हतं. पलीकडच्या तिकिटाचे दिरहम ऐकून अब्बांनी तिथल्या तिथे मोठ्यानं त्याचे रुपये केले, आजूबाजूच्या चार माणसांनी वळून बघितलं, आणि विषय मिटला. मी मात्र काचेला नाक लावून तिथंच राहिले. लाल जाकिटातली एक मुलगी वरून येत होती. तिचे गुडघे जरासे वाकले होते आणि तिला कसलीही घाई नव्हती. मला तिचा असा हेवा वाटला की पोटात दुखलं. हे मी अलंकारानं म्हणत नाही, खरंच दुखलं. अम्मीनं घरी येऊन ओवा दिला.

मादाम सुआद आमच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. लेबनॉनच्या. उंच, उन्हानं रापलेल्या, आवाज पत्र्यावर दगड पडावा तसा. शारजाला लागून असलेल्या अल कुसैसच्या गोदामांच्या भागात त्यांच्या नवऱ्याचं एक आवार होतं. शेजारच्या इमारतीच्या पायाची माती कुणीतरी तिथे आणून टाकली होती, तिचा हा डोंगर झाला होता. मादामनी तो ठोकून ठोकून उताराला आणला आणि त्यावर चटया पसरल्या. युरोपातल्या कुठल्याशा गावानं टाकून दिलेल्या, प्लास्टिकच्या काड्यांच्या, घासायच्या ब्रशसारख्या चटया. त्या ओल्या केल्या, की त्यांवरून स्की घसरतात. एका जुन्या मोटरवर दोरखंड गोल फिरायचा, तो धरून वर जायचं. बूट आणि स्की लोकांनी टाकलेले, वेगवेगळ्या रंगांचे. मादामच्या लहानपणी त्यांच्या गावाच्या डोक्यावर अशीच एक टेकडी होती, ट्रॅक्टरच्या मोटरवर चालणारी. सगळा गाव मिळून ती सांभाळायचा. "मोठ्या डोंगरावर पैसेवाल्यांची मुलं जातात," त्या आम्हाला वर्गात म्हणाल्या, "पण छोटी टेकडी असली तर कुणाचंही मूल जाऊ शकतं. यल्ला, शुक्रवारी या." तेव्हा इथे सुट्टी शुक्रवारची असायची.

फी नाही हे ऐकल्यावर घरात जे झालं, ते लिहायला मला अजूनही मजा येते. "फुकट?" अब्बा म्हणाले. "फुकट का?" अम्मीला वेगळी शंका, मोठ्या पोरींना घसरायला लावून हिला काय मिळतं? जुम्याच्या नमाजानंतर आमच्या गावच्या जमातीची माणसं चहाला जमायची. गाव तिकडे कोकणात असलं, तरी त्याची जमात इकडे रोल्लात होती आणि कुणाच्या घरात काय शिजतंय यावर तिचं मत असायचं. एकानं सांगितलं, हिला पोरांचे फोटो काढून विकायचे असतील. दुसरा म्हणाला, आधी फुकट देतात, मग सवय लावतात. कुठेतरी पाणी मुरतंय, यावर सगळ्यांचं एकमत झालं. फक्त मामू म्हणाला, "पोरगी घसरेल आणि घरी येईल, अजून काय होणाराय?" त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी अब्बांनी निकाल दिला की मी जायचं, पण ते स्वतः सोबत येणार आणि डोळ्यांत तेल घालून बघणार.

मादामना फी नको होती, पाणी हवं होतं. चटया भिजवायला टँकर मागवणं त्यांना परवडत नव्हतं. म्हणून येणाऱ्या प्रत्येक घरानं आपल्या एसीचं ठिबकलेलं पाणी कॅनमध्ये साठवून आणायचं, एवढीच त्यांची अट. आमच्या एसीखाली अम्मीची बादली आधीपासून असायचीच, त्या पाण्यानं ती लादी पुसायची. आता लादीच्या वाटणीचं पाणी टेकडीला जाऊ लागलं. अम्मीनं आमच्या कॅनला लाल फीत बांधली आणि मला बजावलं, "आपलं पाणी आपल्याच वाटेवर ओत हां. दुसऱ्याच्या घरातलं कसलं पाणी, कोण जाणे." मी ते इमानेइतबारे करायचे. उताराच्या डाव्या कडेला आमचं पाणी पडायचं आणि मी डाव्या कडेनंच उतरायचे.

पहिल्या दिवशी मी उतरले कमी आणि लोळले जास्त. पडलं की त्या चटया कातडी खरवडून काढायच्या. कोपरं सोलली, ट्रॅकसूटच्या आतली सलवार गुडघ्यावर फाटली. तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी मात्र एकदाची मी वरून निघाले आणि खालपर्यंत उभीच राहिले. उन्हाचा वारा तोंडावर येत होता, खाली जुन्या टायरांची भिंत, पलीकडे गोदामांचे पत्रे, आणि पायांखालून सरसर असा आवाज. मला ते इतकं आवडलं, की मला स्वतःचाच संशय आला. आपल्यासारख्यांना फुकट मिळालेली गोष्ट इतकी आवडू नये, ती कुणीतरी काढून घेतं, असं मला मनापासून वाटलं. मादाम खाली उभ्या होत्या. त्यांनी पुन्हा वर जा अशी खूण केली. दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर अब्बा बसले होते. ते मादामकडे बघत होते.

माझा मुलगा आता मॉलमधल्या बर्फावर जातो. त्याला मी या चटयांचं सांगितलं तर म्हणतो, "मॉम, दॅट्स नॉट स्कीइंग, दॅट्स कार्पेट." त्याचा राग येत नाही. त्यानं कधी काचेला नाक लावलेलं नाही, त्याला कसं कळणार?

जगात सगळीकडे थंडीत स्कीइंग चालतं. आमची टेकडी थंडीतच अडली. हवा गार झाली की घराघरांतले एसी बंद व्हायचे, आणि एसी बंद म्हणजे पाणी बंद. त्या वर्षी हे पहिल्यांदाच घडलं आणि कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. कॅन अर्धे येऊ लागले, मग रिकामे. चटया कोरड्या पडल्या, स्की जागच्या जागी अडकायच्या आणि मुलं तोंडावर आपटायची. येणारी घरं कमी झाली. मादाम म्हणाल्या की असंच चाललं तर नवरा ही जागा भाड्यानं देऊन टाकेल. एका शुक्रवारी त्या उतारावर एकट्याच बसलेल्या होत्या, हातात कोरडी चटई धरून, आणि मला त्यांच्याजवळ जायचा धीर झाला नाही.

अब्बांना यात काळंबेरं दिसलं. "पाण्याचं निमित्त आहे," ते घरी म्हणाले. "हिला जागा द्यायचीच आहे कुणाला तरी. पोरांना नाही कसं म्हणायचं, म्हणून पाणी नाही म्हणते. बिनपाण्याची टेकडी चालवून दाखवली तर काय बोलेल?"

"चालवू की," मामू म्हणाला. तो घावण्याबरोबर सुकटीची चटणी खात होता, आणि त्याला यात अवघड असं काहीच दिसत नव्हतं. "होडी पाण्यात लोटताना आपण काय करतो? खालच्या फळ्यांना मुशीचं तेल चोपडतो. एवढं मोठं धूड लोण्यासारखं जातं. तुमची पोरं म्हणजे किती वजन?"

मुशी म्हणजे आमच्याकडचा शार्क. तिच्या काळजाचं तेल होड्यांना लावतात, तिकडेही आणि इथल्या खोरवरही. दर्यावर वाढलेल्या माणसाला त्याचा वास वास वाटतच नाही. गुरुवारी असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजानंतर अब्बा, मामू आणि जमातीतले आणखी दोघंतिघं अल कुसैसला गेले. वॉचमन अब्बांना दर शुक्रवारी बघत आलेला, त्यानं फाटक उघडून दिलं. चिंध्यांचे बोळे करून त्यांनी अख्खी टेकडी वरपासून खालपर्यंत चोपडली, होडीला चोपडतात तशी, मायेनं. घरी आले तेव्हा मामू गाणं गुणगुणत होता आणि अब्बांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आनंद होता. अम्मीनं दोघांनाही बाहेरच उभं करून आधी हात धुवायला लावले.

शुक्रवारी सकाळी आम्ही पोचलो, तर टेकडी उन्हात चकचकत होती आणि तिच्यावर मांजरं होती. कुसैसमधल्या साऱ्या गोदामांची मांजरं तिथे जमली होती. ती चटया चाटत होती, घसरून खाली येत होती आणि पुन्हा वर चढत होती. वास असा, की रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या काचा वर होत होत्या. मादामना काय झालंय ते कळेना. त्यांनी मांजरं हाकलली, स्की बांधल्या आणि मुलांच्या आधी आपण बघावं म्हणून स्वतः वरून निघाल्या. तसा वेग त्या टेकडीनं कधी पाहिला नव्हता. त्या टायरांच्या भिंतीवर आदळल्या, भिंत ओलांडून रिकाम्या कॅनांच्या ढिगात गेल्या आणि एक मनगट धरून उठल्या. मनगट मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. पण त्या उठल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते दुखण्याचं नव्हतं.

"हू डिड धिस?" त्या म्हणाल्या. "कुणाला ही टेकडी नकोय?"

अब्बा मांजरांकडे बघायला लागले. त्यांनी आमच्यातल्या एकेकाकडे पाहिलं. मला ती नजर ओळखीची वाटली. ती अब्बांची नजर होती. मादामच्या डोळ्यांत मी ती आजवर कधी पाहिली नव्हती. "खलास," त्या म्हणाल्या आणि फाटकाला कुलूप लावलं. कुणीतरी बलदियात, म्हणजे नगरपालिकेत, वासाची तक्रार केली असल्याचं दोन दिवसांनी शाळेत कळलं. इन्स्पेक्टर येणार होता. मग तर ज्याला त्याला शेजाऱ्याचा संशय. गुजराती घरांना केरळी घरांचा, केरळी घरांना आमचा, आणि सगळ्यांना मॉलवाल्यांचा.

घरी अब्बांनी सांगून टाकलं, "गप्प बसायचं. आपण काही केलं नाही, काही पाहिलं नाही. बलदियाच्या माणसासमोर नाव गेलं की ते व्हिसापर्यंत जातं." ही भीती उगाच नव्हती. आमच्या गावचा एक जण कुणाच्या तरी भानगडीत नाव देऊन बसला आणि बिऱ्हाड बांधून परत गेला होता. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. अब्बांची नोकरी, माझी शाळा, अम्मीचं हे दोन खोल्यांचं राज्य, सगळं त्या व्हिसाच्या एका शिक्क्यावर उभं होतं, हे मला कळत होतं. पण टेकडीही जाणार होती, आणि माझ्यासाठी दुसरी टेकडी कुठे होती? काचेपलीकडे. तिथे मी कधीच पोचणार नव्हते.

त्या आठवड्यात माझ्या डोक्यात एक विचार शिरला आणि काही केल्या निघेना. अब्बांना पहिल्यापासून ती टेकडी आवडत नव्हती. त्यांनी हे मुद्दाम केलं नसेल कशावरून? जेवताना मी विचारलंच. "अब्बा, तेल लावून ती बंद पाडायची होती ना तुम्हाला?"

अम्मीचा हात भाकरीवर थांबला. मामू म्हणाला, "काय गो बोलतंस तू बाय, बापाशी?" अब्बांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं, आपल्या घरात आपण काय पिकवलंय ते त्यांना त्या वेळी पहिल्यांदा दिसलं. बांगड्याचं कालवण त्यांच्या जिवाचं. ते तसंच ताटात सोडून ते उठले.

इन्स्पेक्टर आला त्या दिवशी मादामनी सगळ्या घरांना बोलावलं होतं. हात गळ्यात बांधून त्या फाटकाशी उभ्या होत्या. मी शाळेतून सरळ तिथे गेले होते, मामू आणि जमातीतले ते दोघंतिघंही आले होते. इन्स्पेक्टर पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यातला, म्हणजे अरबी झग्यातला, तरणा, आणि हिंदी आमच्यापेक्षा बरी बोलणारा. नाकाला रुमाल लावून त्यानं टेकडी पाहिली, मांजरं पाहिली. "ये किसने किया?" त्यानं विचारलं. मोठी माणसं बुटांकडे बघायला लागली. तेवढ्यात बंदराच्या युनिफॉर्ममध्येच अब्बा फाटकातून आत आले. ड्युटी सोडून ते कधी कुठे गेल्याचं मला आठवत नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम होता, थंडी असून.

"तेल मैंने लगाया," ते म्हणाले. "मछली का तेल है. हमारे गाँव में नाव को लगाते हैं. पानी नहीं था, इसलिए." मग मादामकडे वळून मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "मादाम, आय वॉन्ट रन. नॉट क्लोज." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते वाक्य मादामसाठी नव्हतं. मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला, की मला रडूच आलं.

मादाम त्यांच्याकडे बघत राहिल्या. "बोट ऑइल?" त्या म्हणाल्या. मग त्या हसायला लागल्या, आणि मुरगळलेला हात धरून हसतच राहिल्या.

इन्स्पेक्टर हसला नाही. त्यानं सांगितलं, चटया साबणानं धुवायच्या, पुन्हा वास आला तर सगळं उचलून नेणार. आणि यापुढे इथे मुलं उतरवायची असतील तर एकट्या मादामवर चालणार नाही. मुलांच्या आईबापांपैकी एक जबाबदार माणूस पाहिजे. उतारावर काय टाकलं जातं, कोण येतं, कोण जातं, हे त्यानं बघायचं. काही झालं तर पहिलं त्याला बोलावलं जाईल. "बोलो, कौन?" नाव नसेल तर आजच कुलूप.

दोन महिने फुकट पोरं पाठवणारी ती सगळी घरं गप्प झाली. कुणी घड्याळ बघितलं, कुणी फोन काढला. जमातीतले ते दोघंतिघं, गुरुवारी चिंध्या घेऊन आलेले, मामूच्या पाठीमागे सरकले. मामू पुढे व्हायला लागला तर अब्बांनी त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं. त्यानंतर ती टेकडी कितीतरी वर्षं चालली, थंडीत मशिदीतलं वजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुतलेलं, पाणी मिळवून चालली, आमच्यासारख्यांची कितीतरी मुलं तिथे उभी राहायला शिकली. पण त्या क्षणी तिचा जीव एका नावावर टांगलेला होता.

अब्बांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, एकेका तोंडावर थांबत, बंदरात कंटेनरच्या रांगेवरून फिरवतात तशी. "इनमें से किसी पर मेरा भरोसा नहीं," ते इन्स्पेक्टरला म्हणाले. "मेरा नाम लिखो." मग त्यांनी नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, आणि तो नीट लिहितोय का ते त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं.